एका नावाचा एकच अर्थ : गावाच्या वाणनोंदीतील व्याख्या एकमताने कशा ठरवाव्यात

पुणे जिल्ह्याच्या मुळशी तालुक्यातील मुठा खोरे हा भाताचा मुलूख आहे. पाऊस भरपूर, सखल भागात बांधबंदिस्तीची खाचरे आणि डोंगरउतारावरील वरकस जमिनीत नाचणी व वरई, अशी येथील शेतीची जुनी घडण आहे. मुठा गावात व आसपासच्या वाड्यांवर भाताच्या वाणांविषयी चौकशी करू लागल्यास नावांची उणीव भासत नाही. अडचण येते ती वेगळीच. एकाच नावाखाली दोन घरी दोन निराळी भाते निघतात, आणि एकच भात दोन वाड्यांत दोन नावांनी ओळखले जाते.

जोवर बियाण्याची देवघेव शेजाऱ्याशेजाऱ्यांत होत होती, तोवर यामुळे फारसे बिघडत नसे. बी देणारा व घेणारा एकमेकांची शेते ओळखत. आता परिस्थिती बदलली आहे. जैवविविधता कायदा, २००२ अन्वये स्थानिक संस्थांच्या पातळीवर व्यवस्थापन समित्या व लोक जैवविविधता नोंदवही यांची तरतूद झाली आहे. पीक वाण संरक्षण व शेतकरी हक्क कायदा, २००१ अन्वये शेतकऱ्यांना आपल्या परंपरागत वाणाची नोंदणी करता येते. म्हणजे गावचे शब्द आता गावाबाहेर जाणार आहेत, आणि ज्यांनी ते खाचर कधी पाहिले नाही अशा माणसांनी ते वाचावयाचे आहेत. यास्तव नोंद करण्यापूर्वी शब्दांचे अर्थ सर्वांनी मिळून ठरविणे अगत्याचे होय. हे काम कसे करावे, याचे विवेचन प्रस्तुत लेखात केले आहे.

एका चुकीचा धडा

प्रस्तुत लेखकाच्या हातून घडलेली एक चूक येथे सांगणे उपयुक्त होईल. नोकरीच्या आरंभीच्या काळात या खोऱ्यातील एका वाडीवर वाणांची यादी करीत असता एका वयोवृद्ध शेतकऱ्यास त्यांच्या जुन्या वाणाचा कालावधी विचारला. “एकशेवीस दिवस” असे त्यांनी सांगितले. यादीत १२० दिवस असे लिहून ते वाण हळवे ते निमगरवे यांच्या सीमेवर टाकले. पुढील हंगामात यादीच्या आधारे एका शेतकरी भगिनीने ते बी आपल्या वरच्या खाचरात घेतले. त्या खाचरात पाऊस ओसरला की ओल फार दिवस टिकत नाही. हस्त नक्षत्र संपून गेले तरी पीक निसवतच होते. जमिनीस भेगा पडल्या व लोंब्यांतील बरेचसे दाणे पोचट राहिले.

चौकशी करता उलगडा झाला. वृद्ध शेतकऱ्याने दिवस मोजले होते ते लावणीपासून. कृषी खात्याच्या पत्रकांत ते मोजले जातात राबावर बी पेरल्यापासून. रोप २५ दिवसांचे झाल्यावर लावणी होत असल्याने ते वाण वास्तविक १४५ दिवसांचे, म्हणजे गरवे होते. मृगात पेरलेले १२० दिवसांचे भात ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात तयार होते, तर १४५ दिवसांचे त्याच महिन्याच्या अखेरीस. वरच्या खाचरात या २५ दिवसांचाच प्रश्न असतो.

येथे वृद्ध शेतकरी खोटे बोलले नव्हते व लिहिणाऱ्यानेही आकडा चुकीचा उतरविला नव्हता. दोघांनी एकच शब्द वापरला आणि त्याचा अर्थ विचारण्याची गरज दोघांसही वाटली नाही. विचारण्याचे कर्तव्य अर्थातच लिहिणाऱ्याचे होते. नुकसान मात्र तिसऱ्याच व्यक्तीचे झाले. व्याख्या न ठरविता केलेल्या नोंदीचा हा धोका सदैव लक्षात ठेवला पाहिजे.

यादी आणि आराखडा

निव्वळ नावांची यादी पुरेशी नसते. नावांच्या मागे ज्या वस्तू व कल्पना आहेत त्यांचा परस्परसंबंधही सांगावा लागतो. अशा रचनेस आपण संकल्पनांचा सामाईक आराखडा म्हणू. त्यात तीन प्रकारचे संबंध वारंवार येतात. पहिला, ‘हा त्याचा प्रकार आहे’. जसे, गरवे भात हा भाताचा प्रकार आहे. दुसरा, ‘हा त्याचा भाग आहे’. जसे, कुसळ हा दाण्याचा भाग आहे. तिसरा, ‘हे त्यापासून झाले आहे’.

पहिला व तिसरा संबंध यांची गल्लत केल्यास काय होते याचे उदाहरण याच भागातील आहे. इंद्रायणी हे वाण वडगाव मावळ येथील संशोधन केंद्राने आंबेमोहर १५७ व आय. आर. ८ यांच्या संकरातून काढले आणि ते १९८७ साली प्रसारित झाले. इंद्रायणी आंबेमोहरापासून झाले आहे, हे खरे. परंतु इंद्रायणी हा आंबेमोहराचा प्रकार नव्हे. मुलगी आईसारखी दिसली तरी ती आई होत नाही. आराखड्यात ‘पासून झाले’ असे लिहिण्याऐवजी ‘प्रकार आहे’ असे लिहिले गेले, तर इंद्रायणीची प्रत्येक गोणी कागदोपत्री आंबेमोहर ठरेल. मावळ-मुळशी भागातील आंबेमोहरास १९९९ च्या कायद्यान्वये भौगोलिक मानांकन लाभलेले आहे. बाजारात मात्र परप्रांतातील आखूड दाण्याचे सुवासिक तांदूळ त्याच नावाने विकले जातात, अशी शेतकऱ्यांची तक्रार आहे. ज्या गावाने आपल्या नोंदीत आंबेमोहर म्हणजे काय हे नेमके लिहिले नाही, त्या गावास दुसऱ्याच्या गोणीवर बोट ठेवणे कठीण जाते.

एकमत कशास म्हणावे

सामान्यतः सभेत एक वाक्य वाचून दाखवितात, सर्वजण मान डोलावितात व ठराव संमत होतो. व्याख्येच्या बाबतीत असे एकमत फसवे असते. मान डोलावणाऱ्या दहा जणांच्या मनात त्या वाक्याचे दहा अर्थ असू शकतात. शिवाय गावकीच्या बैठकीत वडीलधारी अथवा मानाची व्यक्ती प्रथम बोलली की इतरांस वेगळे बोलण्याचा संकोच होतो.

यास्तव एक साधी कसोटी ठेवावी. मंडळातील व्यक्तींनी एकमेकांस न विचारता, तीच व्याख्या त्याच नमुन्यांना लावली असता सर्वांचे उत्तर एकच आले, म्हणजे एकमत झाले असे समजावे. वाक्य सर्वांस आवडले की नाही, हा प्रश्न गौण होय.

व्याख्येची अंगे

चांगल्या व्याख्येत पुढील पाच गोष्टी असावयास हव्यात.

१. *जात* : वस्तू कोणत्या मोठ्या गटात मोडते.
२. *भेद* : त्या गटातील इतरांपासून ती कशाने वेगळी ओळखावी.
३. *पद्धत* : तो भेद कसा पाहावा किंवा मोजावा, मोजणी कोठून सुरू करावी व कोठे संपवावी.
४. *माप* : उत्तर कोणत्या एककात किंवा कोणत्या ठरीव शब्दांत द्यावे.
५. *सीमा* : दोन गटांच्या बरोबर सीमेवरील नमुना कोणत्या बाजूस घालावा.

यांपैकी तिसरे व पाचवे अंग बहुधा गाळले जाते आणि पुढील तंटे त्यांतूनच उद्भवतात. ‘निमगरवे भात’ या शब्दाची व्याख्या उदाहरणादाखल येणेप्रमाणे करता येईल : “निमगरवे भात म्हणजे भाताचे असे वाण की, जे राबावर बी पेरल्याच्या दिवसापासून शेतातील शेकडा ८० दाणे पिवळे होईपर्यंत १२१ ते १३५ दिवस घेते, पेरणीचा दिवस मोजू नये, १२० दिवसांचे वाण हळव्यात व १३६ दिवसांचे गरव्यात धरावे.” निरनिराळ्या विभागांच्या पत्रकांत या मर्यादा थोड्याफार निराळ्या आढळतात. मंडळाने ज्या स्वीकारल्या असतील त्या स्पष्ट लिहाव्यात, म्हणजे बाहेरच्या वाचकास ताळा घेता येईल.

सीमेचे महत्त्व दाण्याच्या आकारावरूनही कळते. आपल्या देशात रूढ असलेल्या वर्गीकरणात ६ मिलिमीटरपेक्षा कमी लांबीच्या तांदळाचे तीन वर्ग आहेत. लांबीस रुंदीने भागून येणारे प्रमाण ३ किंवा अधिक असल्यास आखूड-बारीक, २.५ ते ३ असल्यास मध्यम-बारीक व २.५ पेक्षा कमी असल्यास आखूड-जाड. समजा, तांदळाची लांबी ५.५ मिलिमीटर व रुंदी २.२ मिलिमीटर भरली. प्रमाण बरोबर २.५ येते. ‘२.५ पेक्षा कमी’ असे शब्द असल्यामुळेच हा तांदूळ आखूड-जाड नव्हे, हे निश्चित सांगता येते. तसेच हे माप टरफल काढलेल्या दाण्याचे असते. कोणी साळ मोजली व कोणी तांदूळ मोजला, तर दोघांचीही मोजणी बरोबर असून उत्तरे मात्र जुळणार नाहीत.

काम कसे चालवावे

*पहिली पायरी : हेतू ठरविणे.* नोंद कशासाठी करावयाची हे आधी ठरवावे. बियाण्याच्या देवघेवीसाठी कालावधी, खाचराचा प्रकार व लोळण्याची प्रवृत्ती यांच्या व्याख्या आधी हव्यात. नोंदणीच्या अर्जासाठी झाड, लोंबी व दाणा यांची लक्षणे अधिक बारकाईने लागतात. केवळ भातासाठीच वेगळेपणा, एकसारखेपणा व स्थैर्य यांच्या चाचणीत ६२ लक्षणे विहित केलेली आहेत. सर्वच शब्दांच्या व्याख्या एकदम करू नयेत. प्रथम दहा-बारा शब्द पुरेत.

*दुसरी पायरी : माणसे जमविणे.* लावणी, निवडणी व घरातील बी राखणे ही कामे बहुतांशी स्त्रिया करतात. दाणा हातात घेऊन वाण ओळखण्याचे ज्ञान त्यांच्यापाशी असते. वरकस जमिनीतील पिकांची व रानभाज्यांची माहिती कातकरी व धनगर वस्त्यांवर मिळते. ही मंडळी बैठकीत नसतील, तर व्याख्या सुबक होईल पण अपुरी राहील. सात ते दहा व्यक्तींचे मंडळ सोयीचे होते.

*तिसरी पायरी : शब्द गोळा करणे.* प्रत्येक शब्द जसा बोलला जातो तसा, वाडीच्या नावासह लिहावा. कोणी लावणी म्हणतो, कोणी आवणी. रोपांना कोठे आवण म्हणतात, कोठे तरवा, कोठे दाढ. या टप्प्यावर कोणाचाही शब्द चुकीचा ठरवू नये.

*चौथी पायरी : मसुदा लिहिणे.* वर सांगितलेल्या पाच अंगांप्रमाणे दोघा-तिघांनी व्याख्येचा कच्चा मसुदा तयार करावा. संपूर्ण सभेने बसून एक वाक्य लिहू गेल्यास वेळ जातो व वाक्यही लांबते.

*पाचवी पायरी : नमुन्यांवर परीक्षा.* लोंब्यांचे अथवा दाण्यांचे दहा नमुने घेऊन त्यांस फक्त क्रमांक द्यावेत, नावे लपवावीत. प्रत्येकाने स्वतंत्रपणे पाहून आपले उत्तर कागदावर लिहावे; ज्यांस लिहिता येत नाही त्यांनी ते बाजूला जाऊन लेखनिकास सांगावे. सर्वांची उत्तरे आल्यावरच ती वाचावीत. सुवासाची परीक्षा करावयाची असल्यास सारखेच तांदूळ व सारखेच पाणी घेऊन सारख्याच झाकणाच्या भांड्यांत भात शिजवावा व ऊन असतानाच हुंगावा. जुन्या तांदळाचा सुवास कमी होतो, म्हणून नमुने एकाच हंगामाचे असावेत.

*सहावी पायरी : मतभेदांची छाननी.* ज्या नमुन्यावर उत्तरे जुळली नाहीत, त्यावरच चर्चा करावी. उत्तर देणाऱ्याची नव्हे, तर व्याख्येतील शब्दांची तपासणी करावी. बैठकीत सर्वांत कमी बोलणाऱ्या व्यक्तीस प्रथम विचारावे व मानाच्या व्यक्तीने शेवटी बोलावे, असा नियम ठेवणे हितावह ठरते. दुरुस्तीनंतर नव्या नमुन्यांवर पुन्हा परीक्षा घ्यावी.

मतभेद तीन प्रकारचे

मतभेद कोणत्या प्रकारचा आहे हे ओळखल्यास निम्मे काम झाले असे समजावे. कारण प्रत्येकाचा उपाय वेगळा आहे.

(अ) *शब्दाचा मतभेद.* वस्तू एक, नावे अनेक. लावणी की आवणी, हा वाद या प्रकारचा होय. येथे एक शब्द मुख्य म्हणून घ्यावा व बाकीचे पर्यायी शब्द म्हणून त्याच नोंदीत ठेवावेत. मुख्य शब्द कोणता, हे हात वर करून ठरविण्यास हरकत नाही. मात्र पर्यायी शब्द गाळू नये. शब्द गाळला की ती वाडी नोंदवही आपली मानीत नाही.

(आ) *मापाचा मतभेद.* नाव एक, वस्तू एक, मोजण्याची रीत निराळी. दिवसांचा वर सांगितलेला घोटाळा याच प्रकारचा होय. पूर्वी मण व खंडी यांच्या बाबतीत हेच होत असे. प्रांताप्रांतांत मणाचे वजन निराळे असल्याने एका बाजारचा भाव दुसऱ्या बाजारात समजत नसे. वजने व मापे यांविषयीचा १९५६ चा कायदा होऊन पुढे मेट्रिक पद्धत रूढ झाली तेव्हा ही अडचण दूर झाली. उपाय एवढाच की मोजणीचा आरंभ, अंत व एकक लिहून ठेवावे, आणि जुने माप प्रचारात असल्यास त्याचे नव्या मापातील रूपांतर सोबत द्यावे.

(इ) *वस्तुस्थितीचा मतभेद.* एक म्हणतो, या वाणास कुसळ असते. दुसरा म्हणतो, नसते. येथे मतदान सर्वथा निषिद्ध मानावे. बहुमताने कुसळ उगवत नाही व गळतही नाही. दोघांच्या शेतात जाऊन पाहावे. पुष्कळदा दोघेही खरे निघतात व एकाच नावाखाली दोन वाणे नांदत आहेत असे आढळते. अशा वेळी एका वाणाचा बळी देऊन एकमत साधू नये. दोन स्वतंत्र नोंदी कराव्यात व नावापुढे वाडीचा किंवा लक्षणाचा उल्लेख करून त्या वेगळ्या दाखवाव्यात. शेतात पीक नसल्यास ‘अनिर्णित’ असा शेरा मारून पुढील निसवणीपर्यंत थांबावे. अनिर्णित राहिलेली नोंद ही चुकीच्या नोंदीपेक्षा केव्हाही बरी.

जगात हे काम कसे होते

ही रीत केवळ खेड्यापुरती आहे असे नव्हे. लागवडीखालील वनस्पतींच्या नामकरणाचे आंतरराष्ट्रीय नियम प्रथम १९५३ साली प्रसिद्ध झाले. भाताच्या वाणांचे वर्णन निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनी सारख्या शब्दांत करावे, यासाठी फिलिपाईन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेच्या सहभागाने १९८० साली वर्णनलक्षणांची पुस्तिका निघाली. संयुक्त राष्ट्रांच्या अन्न व शेती संघटनेने १९८० नंतरच्या दशकात ‘अ‍ॅग्रोव्होक’ नावाचा शेतीविषयक शब्दसंग्रह सुरू केला. त्यात प्रत्येक कल्पनेस स्वतःचे संकेतचिन्ह असते व निरनिराळ्या भाषांतील नावे त्या एका चिन्हाखाली येतात. त्याचप्रमाणे २००८ पासून पिकांच्या लक्षणांचा जो आंतरराष्ट्रीय आराखडा तयार होत आला आहे, त्यात गुण, मोजण्याची पद्धत व मापपट्टी या तीन गोष्टी प्रत्येक लक्षणासाठी वेगवेगळ्या लिहितात. वाडीवरील १२० दिवसांच्या चुकीत नेमकी हीच दुसरी गोष्ट राहून गेली होती.

यातून गावाने दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, नोंद नावावर न बांधता क्रमांकावर बांधावी. नाव बदलले, नवे पर्यायी नाव सापडले, तरी क्रमांक तोच राहील. दुसरी, गावच्या व्याख्या व कायद्यातील व्याख्या यांत विरोध येऊ देऊ नये. गावचा शब्द अधिक व्यापक असल्यास तसे स्पष्ट लिहावे. ‘आपले आंबेमोहर’ या शब्दात कोणी इंद्रायणी धरीत असतील, तर तो बोलीतील प्रयोग म्हणून नोंदवावा. परंतु वाणाची नोंद वेगळीच ठेवावी.

व्याख्या ठरल्यानंतर

प्रत्येक व्याख्येखाली दिनांक, उपस्थितांची नावे, परीक्षेत वापरलेल्या नमुन्यांचे क्रमांक व राहिलेला मतभेद लिहावा. नमुन्याच्या लोंब्या वाळवून, कीड लागणार नाही अशा बेताने जपून ठेवाव्यात. पुढे शंका आल्यास शब्दापेक्षा लोंबी अधिक बोलते. व्याख्या बदलावयाची झाल्यास बैठक बोलावूनच बदलावी. जुनी व्याख्या खोडू नये, तिच्याखाली नवी लिहावी. कारण पाच वर्षांपूर्वीची नोंद त्या वेळच्या व्याख्येनुसार केलेली असते आणि ती त्याच व्याख्येने वाचावयास हवी. तसेच ज्या व्यक्तीने माहिती दिली, तिच्या संमतीवाचून ती माहिती नोंदवहीत किंवा गावाबाहेर जाऊ देऊ नये.

समारोप

व्याख्या ठरविणे हे पंडितांचे काम आहे असा समज आहे. परंतु शेतकरी ते रोज करीत असतो. खाचर कोठे संपते व वरकस कोठे सुरू होते, रोप लावणीस आले की नाही, दाणा भरला की नाही, हे सर्व व्याख्येचेच प्रश्न आहेत. फरक इतकाच की त्यांची उत्तरे आजवर मनात राहिली. आता ती परक्यासही समजतील अशी लिहावयाची आहेत. येत्या हंगामात मुठा खोऱ्यातील शेतकरी बंधुभगिनींनी निदान एक शब्द तरी या रीतीने ठरवावा. आरंभ ‘दिवस’ या शब्दापासून करावा, अशी प्रस्तुत लेखकाची विनंती आहे. राबावर बी पडेल त्या दिवशी तारीख लिहून ठेवावी, लावणीच्या दिवशी दुसरी व कापणीच्या दिवशी तिसरी. या तीन तारखा ज्या नोंदवहीत असतील, तिच्या भरवशावर वरच्या खाचरातील शेतकऱ्याने बी घ्यावयास हरकत नाही.